फ्रंट लोड घेण्याआधी घराचे माप घ्या

आपले प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे वॉशिंग मशीनविषयीची पत्रे वाढतात आणि ते स्वाभाविकच आहे, कारण आषाढात कोल्हापूरच्या दोरीवर टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमटच लागतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक फ्रंट लोड मशीनविषयीची आहेत. त्यांतील सहा पत्रे निवडून उत्तरे देत आहोत. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे. इतर वाचकांनीही ते आधी वाचावे, म्हणजे पुढील उत्तरांत तेच मुद्दे पुन्हा सांगावे लागणार नाहीत.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत एका अपार्टमेंटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे निवृत्त, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे आहोत. चौदा वर्षांचे सेमी ऑटोमॅटिक मशीन आता दुरुस्तीपलीकडे गेले आहे आणि सूनबाईंची इच्छा फ्रंट लोड घेण्याची आहे. दुकानदार ९ किलो क्षमतेचे, पिळताना मिनिटाला १४०० फेऱ्यांचे आणि वाफेची सोय असलेले मशीन घ्या असे म्हणतात. शेजारी मात्र सांगतात की फ्रंट लोडमध्ये पाणीच चढत नाही, एका धुण्याला अडीच तास लागतात आणि दार लागल्यावर राहिलेला मोजासुद्धा आत टाकता येत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण किलो, फेऱ्या आणि वाफ यांची चौकशी केली आहे, परंतु आपला निर्णय ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट पत्राच्या पहिल्याच वाक्यात आली आहे, ती म्हणजे ‘सर्वांत वरचा मजला’. शेजाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. फ्रंट लोडमध्ये पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह विजेवर उघडत असला, तरी तो नीट चालण्यासाठी पाण्याला पुरेसा दाब असावा लागतो. पुष्कळ कंपन्या किमान ०.३ बार दाब मागतात आणि काही मॉडेलना त्याहून अधिक दाब लागतो. पाण्याची १० मीटर उंची साधारण १ बार दाब देते, म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतील पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा ३ मीटर, अर्थात जवळजवळ १० फूट वर असायला हवी. आता आपल्या घराचा हिशेब करून पाहा. स्लॅब १० फुटांवर आहे, मशीनचा नळ जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे आणि गच्चीवरची टाकी विटांच्या एक-दोन थरांवर टेकवलेली आहे असे धरले, तर टाकी काठोकाठ भरलेली असताना हा हिशेब कसाबसा जुळतो. सकाळच्या वापराने ती निम्म्यावर आली की जुळत नाही. त्यात पाइपची वळणे आणि जुन्या लोखंडी पाइपमधला गंज यांनी दाब आणखी घटतो. मग ठरलेल्या वेळात पाणी भरले नाही म्हणून मशीन मध्येच थांबते, आणि दोष मात्र मशीनच्या माथी येतो.

दुकानात जाण्यापूर्वी एक साधी परीक्षा घरीच करावी. जिथे मशीन ठेवणार, त्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवून नळ पूर्ण सोडावा आणि घड्याळ लावावे. ही परीक्षा टाकी निम्मी असताना घ्यावी. सव्वा मिनिटाच्या आत बादली भरली, तर काळजीचे कारण नाही. दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा आणि मग मशीनचा विचार करावा. हा बंदोबस्त तीन प्रकारे होऊ शकतो. सोसायटीची संमती असेल तर टाकी लोखंडी चौकटीवर चार-पाच फूट उंच घेता येते. टाकीपासून मशीनपर्यंत एक इंची स्वतंत्र पाइप आणता येतो. किंवा घरात येणाऱ्या पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवता येतो. माझे मत विचाराल तर पहिला उपाय सर्वांत टिकाऊ आहे, कारण त्याला वीज लागत नाही आणि तो कधी बिघडत नाही. मात्र भरलेल्या टाकीचे वजन मोठे असल्याने चौकट इमारतीच्या खांबांवर येईल अशीच जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी.

दुसरी तपासणी विजेची. फ्रंट लोडमध्ये पाणी तापवणारा हीटर बहुधा २००० वॅटच्या आसपास असतो, म्हणजे तो एकटाच ९ अँपिअरच्या जवळ वीज ओढतो. पंख्या-दिव्यांचा लहान पॉइंट त्याला चालत नाही. गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा आणि त्याची वायर व एमसीबी, म्हणजे जादा वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच, स्वतंत्र असावी. गीझर आणि मशीन एकाच लाइनवर असतील, तर सकाळी दोन्ही एकदम चालू केल्यावर एमसीबी पडत राहील. अर्थिंग वायरमनकडून अवश्य तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण त्याच्या तिसऱ्या छिद्रामागे वायरच जोडलेली नसते, आणि ओल्या फरशीवर उभे राहून हाताळायच्या यंत्राच्या बाबतीत ही हयगय जिवावर बेतू शकते.

तिसरी तपासणी दाराची, आणि हीच बहुतेक जण विसरतात. फ्रंट लोड मशीनची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर आणि उंची ८५ सेंटिमीटर असते; क्षमतेनुसार बदलते ती मुख्यतः खोली. आपल्याकडच्या कित्येक बाथरूमची दारे जेमतेम दोन फुटांची, म्हणजे ६१ सेंटिमीटरची असतात आणि चौकटीच्या आतून मोजले तर त्याहूनही कमी भरतात. माझ्या स्वतःच्या घरी पहिले मशीन आणले, तेव्हा ते बाथरूमच्या दारातून आत गेले नाही. दाराची चौकट काढून पुन्हा बसवावी लागली आणि त्याचा खर्च दुकानातून मिळालेल्या सवलतीपेक्षा अधिक झाला. म्हणून दार, जिन्याचे वळण आणि मशीनची जागा या तिन्हींची मापे कागदावर लिहून न्यावीत. मशीनच्या मागे पाइपसाठी चार बोटे जागा राहिली पाहिजे आणि पुढचे गोल दार पूर्ण उघडले पाहिजे, हेही त्यात धरावे.

आता क्षमतेकडे वळू. मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात आणि पूर्ण क्षमता फक्त ‘कॉटन’ प्रोग्रॅमसाठी असते. टेरिकॉट, सिंथेटिक यांच्या प्रोग्रॅमला त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी, आणि लोकरीला दीड-दोन किलोच कपडे चालतात. पुरुषाचा सदरा सुमारे पाव किलो, जीनची पँट सहाशे ते आठशे ग्रॅम, सुती साडी अर्धा किलो, टॉवेल तीनशे ते पाचशे ग्रॅम आणि डबल बेडची चादर पाऊण किलोच्या आसपास भरते. सहा माणसांचे रोजचे कपडे या हिशेबाने साडेचार ते साडेपाच किलो होतात. ड्रममध्ये कपडे भरल्यावर वर एक आडवा तळहात जाईल इतकी जागा राहिली पाहिजे, कारण फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जाऊन पाण्यात आपटतात, आणि हे आपटणे म्हणजेच धुणे. म्हणून आपल्याला ८ किलो पुरेसे आहे. सोलापुरी चादरी, जाड रजया घरीच धुण्याचा परिपाठ असेल तर ९ किलोला हरकत नाही. परंतु रोज निम्मेच भरणारे मोठे मशीन घेणे मला योग्य वाटत नाही, कारण फार थोडे कपडे असले की पिळताना ते ड्रमच्या एका बाजूला गोळा होतात आणि तोल न साधल्याने मशीन पुनःपुन्हा थांबते.

फेऱ्यांच्या बाबतीत दुकानदार आपल्याला अर्धीच माहिती देत आहेत. ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर धरला, तर १००० फेऱ्यांना कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २७० पट, १२०० फेऱ्यांना सुमारे ३८५ पट आणि १४०० फेऱ्यांना सुमारे ५२५ पट जोर येतो. म्हणजे १००० वरून १४०० वर गेल्याने जोर जवळजवळ दुप्पट होतो, पण निघणारे पाणी दुप्पट होत नाही. एक किलो सुती कपड्यांत १००० फेऱ्यांनंतर साधारण सहाशे ग्रॅम पाणी उरते, १४०० फेऱ्यांनंतर पाचशे ग्रॅमच्या आसपास. उन्हाळ्यात या फरकाला अर्थ नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र तो निश्चित जाणवतो. पाच किलो कपड्यांतून अर्धा लिटर पाणी अधिक निघाले, तर घरात पंख्याखाली वाळणारे कपडे काही तास लवकर हाती येतात. त्याची किंमत म्हणजे सुती साड्यांना आणि सदऱ्यांना पडणाऱ्या घट्ट चुण्या, आणि ड्रमच्या बेअरिंगवरचा वाढीव ताण. म्हणून १२०० फेऱ्यांचे मशीन आपल्यासाठी योग्य ठरेल. १४०० चे घेतलेच, तरी पिळण्याच्या फेऱ्या कमी करता येतील असे घ्यावे आणि ती सोय पावसाळ्यापुरतीच पूर्ण वापरावी.

वाफेपायी अधिक पैसे मोजू नयेत. तापमान मात्र आपल्याला निवडता आले पाहिजे, कारण फ्रंट लोडची खरी कमाई हीटरमध्ये आहे. सदऱ्याच्या कॉलरवरचा तेलकट मळ, तांबड्या रश्श्याचा तवंग, लहान मुलांचे अंथरूण यांसाठी ४० ते ६० अंशांचे पाणी जे काम करते, ते गार पाण्यात कितीही वेळ घोळवून होत नाही. खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. फ्रंट लोडमध्ये तापवायचे पाणीच थोडे असते. १२ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.२ युनिट आणि ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. मोटरची वीज धरूनही ६० अंशांचे धुणे एका युनिटच्या आसपास बसते. रोजच्या साध्या कपड्यांना ३० किंवा ४० अंश आणि आठवड्यातून एकदा पांढऱ्या कपड्यांना, टॉवेल-चादरींना ६० अंश, एवढा क्रम पुरेसा आहे. एका धुण्याला साधारण ५० ते ७० लिटर पाणी लागते. टॉप लोडला पुष्कळदा याच्या दुप्पट लागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे स्टार लेबल असेल, तर नुसते तारे मोजू नयेत. एक किलो कपड्यांमागे लागणारी वीज आणि पाणी यांचे त्यावरील आकडे दोन-तीन मशीनमध्ये ताडून पाहावेत.

अडीच तासांची तक्रार खरी आहे, परंतु ती ‘कॉटन’च्या लांब प्रोग्रॅमची आहे. पाऊण ते एक तासाचे प्रोग्रॅमही असतात आणि रोजच्या घामाच्या कपड्यांना ते पुरतात. ‘१५ मिनिटे’ म्हणून जो प्रोग्रॅम असतो, तो दोनेक किलो जेमतेम मळलेल्या कपड्यांसाठीच असतो. त्यात घरभराचे धुणे कोंबून मशीन स्वच्छ धूत नाही असे म्हणणे न्याय्य नाही. राहिलेला मोजा टाकण्यासाठी सुरुवातीच्या काही मिनिटांत थांबवून दार उघडता येते, अशी सोय आता अनेक मॉडेलमध्ये आहे; ती दुकानात प्रत्यक्ष करून दाखवण्यास सांगावे.

राहता राहिली वॉरंटी. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी ठळक अक्षरांत लिहिलेली असते आणि ग्राहक तिच्यावरच भाळतो. पण आजच्या इन्व्हर्टर मोटरी सहसा जळत नाहीत. मोटर पट्ट्याने ड्रम फिरवते की थेट ड्रमला जोडलेली आहे, यावरही फार वाद घालू नये; दोन्ही पद्धती चांगल्या चालतात. वारंवार बिघडतात ते पाणी उपसणारा पंप, दाराचे लॉक, दाराचे रबर, इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि काही वर्षांनी बेअरिंग. म्हणून संपूर्ण मशीनची वॉरंटी किती वर्षांची, हे विचारावे. आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : बेअरिंग गेले तर ते एकटे बदलता येते, की टब कायमचा जोडलेला असल्याने संपूर्ण टबच घ्यावा लागतो? दोन्हींच्या खर्चात फार मोठे अंतर असते. कंपनीचे सेवा केंद्र कोल्हापुरातच आहे की मेकॅनिक सांगली किंवा पुण्याहून येतो, याची खात्री दुकानदाराकडून नव्हे, तर तेच मशीन वापरणाऱ्या ओळखीच्या दोन घरांतून करावी.

मशीन बसवताना मागच्या बाजूचे वाहतुकीचे बोल्ट काढले की नाहीत, हे स्वतः उभे राहून पाहावे. ते तसेच राहिले तर पहिल्याच पिळण्याला मशीन घरभर नाचते आणि आतील भाग कायमचे दुखावतात. काढलेले बोल्ट मात्र टाकू नयेत.

प्रश्न : आमचे मंगळवार पेठेत जुने घर आहे. खाली दुकान आणि वर लाकडी तुळयांची माडी आहे. माडीवर फ्रंट लोड मशीन ठेवता येईल का?

उत्तर : ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोल सांभाळण्यासाठी आत काँक्रीटचे वजन बसवलेले असल्याने फ्रंट लोड मशीन रिकामे असतानाच साठ ते सत्तर किलोचे असते आणि त्यात ओल्या कपड्यांची भर पडते. केवळ वजन जुन्या सागवानी तुळया पेलतीलही, कारण त्यांनी धान्याची पोती पेललेली आहेत. पण १२०० फेऱ्यांना सेकंदाला २० वेळा बसणारा हादरा हा वेगळा प्रकार आहे. लाकडी जमीन थोडी लवते, तिच्याबरोबर मशीन हलते, आणि मशीन हलले की जमीन अधिक लवते. खाली लावायचे रबरी पॅड किंवा चाकांचे स्टँड यावर उपाय नाहीत. चाकांच्या स्टँडने तर त्रास वाढतोच. मागील चौकात किंवा खालच्या मोरीजवळ फरशीची पक्की, सपाट आणि पावसापासून आडोशाची जागा असेल तर तिथे ठेवावे. तशी जागाच नसेल, तर वजनाला हलके आणि कमी वेगाने पिळणारे टॉप लोड घ्यावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करतात आणि मुलगा तालमीत जातो. एकाच्या कपड्यांना काळी वाळू आणि ऑइल, दुसऱ्याच्या कपड्यांना लाल माती. असे कपडे फ्रंट लोडमध्ये निघतील का, की मशीनच खराब होईल? जोतिबाला जाऊन आल्यावर गुलालाच्या कपड्यांचे काय करावे, हेही सांगावे.

उत्तर : भगिनी, कपडे निघतील, परंतु माती आणि वाळू मशीनच्या आत नेऊ नये, एवढी शिस्त घरात लावावी लागेल. फाउंड्रीची वाळू बारीक असली तरी तिला धार असते. ती दाराच्या रबराच्या घडीत साठते, पंपात जाते आणि धुताना इतर कपड्यांनाही घासते. कामाचे कपडे घराबाहेर जोरात झटकावेत, खिसे उलटे करावेत, कारण लोखंडाचा कीस खिशातच लपतो, आणि एकदा बादलीत खळबळून मगच मशीनमध्ये टाकावेत. त्यांना ‘प्री-वॉश’सह ६० अंशांचा कॉटन प्रोग्रॅम लावावा आणि घरातील इतर कपडे त्यांच्यासोबत घालू नयेत. ऑइलचे डाग काढण्यासाठी काही जण कपड्यांना रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लावतात. असा कपडा मशीनमध्ये कधीही टाकू नये. त्याची वाफ बंद ड्रममध्ये साठते आणि ती पेट घेऊ शकते. डागावर भांड्यांचा लिक्विड साबण चोळून अर्धा तास ठेवला तरी पुष्कळ काम होते. मात्र तो नंतर बादलीत चांगला धुऊन काढावा, नाहीतर मशीनमध्ये फेस होईल.

तालमीच्या मातीचे गणित निराळे आहे. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले असते, म्हणून ती नुसती माती नसून तेलकट आणि रंग धरणारी माती असते. ओल्या मातीवर पाणी ओतून चोळले की ती धाग्यात आणखी खोल जाते. लंगोट आणि बनियन आधी पूर्ण वाळू द्यावे, ब्रशने माती झाडावी आणि मग ४० अंशांवर धुवावे. साबणाच्या पाण्यात हळदीचा डाग लालसर झाला तर घाबरू नये. साबणाच्या क्षाराने हळद रंग बदलते आणि कपडा उन्हात वाळवला की तो डाग हळूहळू उडतो.

गुलालाचा नियम सोपा आहे. कोरडा गुलाल कोरडाच झटकावा, गरम पाणी लावू नये, आणि ते कपडे पहिल्या दोन वेळा बादलीत गार पाण्यातच वेगळे धुवावेत. एक गुलाबी रुमाल ड्रमभर पांढऱ्या कपड्यांना पुरतो.

या सर्वांसाठी आपण मशीनच्या खालच्या कोपऱ्यातील झाकणामागची पंपाची जाळी दर आठवड्याला उघडून साफ करावी. इतरांना महिन्यातून एकदा पुरते, आपल्याला नाही.

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यात राहतो. वापराचे पाणी बोअरचे आहे. बादलीला आणि गीझरला पांढरा थर बसतो. फ्रंट लोड टिकेल का?

उत्तर : कोल्हापूर शहरात नदीचे आणि, २०२३ मध्ये थेट पाइपलाइन सुरू झाल्यापासून, काळम्मावाडी धरणाचे पाणी येते, ते तुलनेने मऊ असल्याने तेथील वाचकांना हा प्रश्न फारसा पडत नाही. आपला तालुका क्षारपड जमिनींसाठी ओळखला जातो आणि बोअरच्या पाण्यात ते क्षार उतरणारच. पाण्याची तपासणी करून एकूण कठीणपणाचा आकडा मिळवावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. आपला आकडा २०० च्या आत असेल, तर निर्धास्तपणे घ्यावे. तो ३००–४०० च्या पुढे असेल, तर पाणी तापताच क्षार हीटरवर थर धरतील, साबणाचा बराचसा भाग क्षारांशी झगडण्यातच संपेल आणि पांढरे कपडे राखट दिसू लागतील.

नळाला लावायचा छोटा फिल्टर बाजारात मिळतो. तो क्षार चिकटू नयेत यासाठी मदत करतो, पण पाणी मऊ करत नाही. विक्रेता काहीही सांगो. पाणी खऱ्या अर्थाने मऊ करायचे तर मिठाने पुन्हा ताजा करावा लागणारा सॉफ्टनरच हवा आणि त्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरूनच निर्णय घ्यावा. त्याहून स्वस्त आणि आम्हाला अधिक पसंत असलेला मार्ग म्हणजे गच्चीवरील पावसाचे पाणी किंवा नळयोजनेचे पाणी एका वेगळ्या उंच टाकीत घेऊन तेवढेच मशीनला जोडणे. फ्रंट लोडला एका धुण्यास फार पाणी लागत नसल्याने ५०० लिटरची टाकी आठवडाभर पुरू शकते. हेही जमत नसेल, तर रोजचे धुणे गार किंवा ३० अंशांवर करावे, साबण थोडा वाढवावा आणि कंपनीने सांगितलेली क्षार काढण्याची पावडर दर महिन्याला रिकाम्या मशीनमध्ये वापरावी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या आमच्या फ्रंट लोडला कुबट वास येतो आणि दाराच्या रबरावर काळे ठिपके पडले आहेत. पावडर नेहमी भरपूर घालतो, तरीही असे का व्हावे?

उत्तर : भरपूर घालता म्हणूनच. न धुतली गेलेली पावडर आणि कपड्यांचा मळ ड्रममागे चिकटतो, आणि दार घट्ट बंद ठेवल्यास त्या ओलाव्यात बुरशी धरते. आपल्या पावसाळी हवेत तर आठवडाभरात धरते. हातधुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये वापरू नये, कारण फेसाच्या गादीवर कपडे पडू लागले की ते आपटत नाहीत. कमी फेसाची, फ्रंट लोडसाठीचीच पावडर किंवा लिक्विड पाकिटावर लिहिलेल्या मापानेच घ्यावे. सर्व धुणे गार पाण्यात होत असेल, तर महिन्यातून एकदा रिकामे मशीन सर्वांत अधिक तापमानावर चालवावे. रबराची घडी प्रत्येक धुण्यानंतर कोरड्या फडक्याने पुसावी, साबणाचा खण बाहेर काढून धुवावा आणि दार दोन बोटे उघडे ठेवावे. घरात लहान मूल असेल तर ते आत शिरणार नाही याची मात्र काळजी घ्यावी. ठिपके रबरात खोल गेले असतील, तर रबर बदलून घ्यावे. ते काम मोठे नाही.

प्रश्न : आमचे घर शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ तळमजल्यावर आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत घरात पाणी आले. अशा घरात फ्रंट लोड घ्यावे का? आणि मशीन पाण्यात गेलेच, तर काय करावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मन भरून आले, कारण दोनदा संसार उचलून पुन्हा मांडलेल्या घराला नव्या वस्तूचा निर्णय किती जपून घ्यावा लागतो, हे त्यातून दिसते. तळमजल्याशिवाय दुसरी जागा नसेल, तर आपण फ्रंट लोड घेऊ नये. पंचगंगेने इशारा पातळी ओलांडल्यावर सामान हलवायला हाती थोडे तास असतात, आणि त्या वेळी साठ-सत्तर किलोचे मशीन जिन्याने वर नेण्यास तीन-चार धडधाकट माणसे मिळतीलच असे नाही. सेमी ऑटोमॅटिक दोन माणसे सहज उचलतात. टॉप लोडही त्यांना थोडे कष्ट घेऊन नेता येते. दीड-दोन फुटांचा ओटा बांधून त्यावर मशीन ठेवण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर आपल्या घरात पाणी किती चढले होते ती खूण भिंतीवर पाहूनच त्याचा विचार करावा.

पहिल्या मजल्यावर नातेवाइकांची किंवा मालकांची जागा असेल आणि मशीन कायम तिथेच ठेवता येत असेल, तर मात्र खुशाल घ्यावे.

पाण्यात बुडालेले मशीन, ते कोणतेही असो, वाळल्यासारखे दिसले म्हणून सुरू करून पाहू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मग प्लग काढावा. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुऊन काढावा, कारण वाळलेला गाळ बेअरिंगमध्ये आणि पंपात दगडासारखा बसतो. त्यानंतर मेकॅनिककडून मागचे झाकण उघडून मोटर आणि जोडण्या पूर्ण वाळवून घ्याव्यात आणि विजेची गळती तपासल्यावरच ते चालू करावे. इलेक्ट्रॉनिक बोर्ड पाण्यात गेला असेल, तर तो बहुधा बदलावाच लागतो. पुराचे नुकसान वॉरंटीत सहसा येत नाही. घराच्या सामानाचा विमा काढताना त्यात पूर समाविष्ट आहे का, हे वाचून पाहावे आणि मशीनचे बिल घराबाहेर, मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो काढून का होईना, जपावे.

आणि फ्रंट लोड घेतलेच असेल व ते पुराआधी वर न्यायचे असेल, तर पहिल्या उत्तरात सांगितलेले वाहतुकीचे बोल्ट येथे कामी येतात. ते पुन्हा बसवल्याशिवाय मशीन जिन्याने नेले, तर आतला जड टब स्प्रिंगवर हेलकावे खातो आणि पुरातून वाचलेले मशीन वाटेतच मोडते. नळ बंद करून पाइप सोडवावा, खालच्या जाळीतून उरलेले पाणी बादलीत काढावे, बोल्ट घट्ट करावेत आणि मगच उचलावे. बोल्ट आणि ते पिळण्याचा पाना एका पिशवीत घालून ती पिशवी मशीनच्याच मागे, भिंतीवर उंच खिळ्याला टांगून ठेवावी.